३०×३० ला विरोध करायचाय? आधी कागद वाचा

अमेरिकेत गावाकडे जमीन आहे आणि ३०×३० (जमीन-पाणी राखायची फेडरल सरकारची मोहीम) म्हटलं की डोकं फिरतं? मग काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) बोर्डापुढे आरडाओरडा करण्याआधी बायडनचा २७ जानेवारी २०२१ चा आदेश वाचा, कलम २१६, त्यात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन-पाणी राखायचं टार्गेट होतं, जमीन हिसकावून घ्यायचं कुठेच नाही, आणि ट्रम्पने २०२५ मध्ये तो रद्दपण केलाय. खरी मेख कॉन्झर्व्हेशन ईझमेंटमध्ये आहे, म्हणजे जमिनीचा वापर मर्यादित ठेवायचा मालकाने केलेला करार, सही आजच्या मालकाची पण बंधन बहुतेकदा कायमचं, म्हणजे उद्या नातवाला तिथे घर बांधायचं असेल तर अडू शकतं. नेब्रास्का राज्यात असाल तर बरंय, तिथे ईझमेंटला स्थानिक बोर्डाची मंजुरी लागते, त्यामुळे अजेंडा बघत रहा, मीटिंगला जा आणि काउंटीच्या जमीनवापराच्या प्लॅनमधलं नेमकं पान दाखवून हरकत घ्या. ३०×३० विरोधात नुसते ठराव बऱ्याच काउंट्यांनी केले, पण फेडरल जमिनीवर त्यांचा जोर चालत नाही.