जास्वंदीच्या कळ्या गळतायत? खताच्या डब्याला हात लावण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या नर्सरीत कळ्यांनी लगडलेली जास्वंद घरी आली की पंधरा दिवसांत टपाटप कळ्या टाकते. जागा आणि ऊन बदललं की ती रुसतेच. कुंडी रोज इकडून तिकडे हलवू नका, बस्स.

मुरलेलं झाड कळ्या गाळू लागलं की मात्र जो तो खत घालतो. मीही घालायचे. आता गळलेली कळी आधी नखाने उभी फोडून बघते. आत बारीक पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर खताचा काही उपयोग नाही. एक चिमुकली माशी कळीत अंडी घालते, अळ्या कळीबरोबर खाली पडतात आणि मातीत कोष करतात. म्हणजे कुंडीत पडू दिलेली प्रत्येक कळी पुढच्या पिढीची सोय. रोज वेचा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कळी आतून स्वच्छ निघाली तर पाण्याची वेळ चुकतेय का आणि ग्रिलमध्ये निदान पाच-सहा तास ऊन येतं का, ते बघा.

फुलांसाठी मूठभर डीएपी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असलेलं रासायनिक खत, टाकणं ही तर घरोघरची चूक. जास्वंदीला जास्त स्फुरद सोसत नाही. लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत किंवा गांडूळखत पुरे.

शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला राखतात. जास्त भरलेला शेंडा कापा, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, तेही ऊन उतरल्यावर. आठवड्याच्या अंतराने, असं निदान तीनदा. एकदा मारून भागत नाही.

जूनमध्ये कुंडीखालच्या ताटल्या काढा. त्यांत पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात, वर डासांची पैदास.

आणि गणपतीच्या तोंडावर छाटणी नको. फूल नव्या फुटीवर येतं, ती फूट कळीपर्यंत यायला दोनेक महिने लागतात. छाटायचं तर मेअखेरीस. मी एकदा श्रावणात झाड ‘नीटनेटकं’ केलं होतं. बाप्पांसाठी तांबडी फुलं त्या वर्षी बाजारातून आली.