स्पॅनिशच्या जोरावर रोमानियन उचलणाऱ्यांसाठी

स्पॅनिशची बी-टू, म्हणजे मधल्यापेक्षा वरच्या पातळीची परीक्षा, पास झाली की पुढची भाषा खुणावायला लागते. सीव्हीवर आणखी एक ओळ, भाषांतराला जरा बरा दर. घ्या, जरूर घ्या. फक्त ‘एक रोमान्स (म्हणजे लॅटिनपासून निघालेली) भाषा आली की बाकीच्या फुकट’ असं सांगणारे शिक्षक भेटले, तर त्यांच्याकडून व्याकरण शिका, सल्ला घेऊ नका. मी घेतला होता, आणि एका अगदी साध्या क्रियापदाने मला आडवं केलं.

लॅटिन ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणे. त्याचं स्पॅनिशमध्ये ‘येगार’ झालं, पोर्तुगीजमध्ये ‘शेगार’. दोन्हींचा अर्थ पोचणे. रोमानियनमध्ये तेच ‘आ प्लेका’ झालं, आणि अर्थ निघणे! ‘त्रेनुल प्लेआका ला ओरा ओप्त’ म्हणजे गाडी आठला सुटते. स्पॅनिश डोक्याने वाचलंत तर गाडी आठला येते. तुमचं भाषांतर वाचून आठला स्टेशनात शिरणाऱ्याला गाडीची शेपटी दिसणार.

ही चूक आळशी विद्यार्थ्याची नव्हे, अभ्यासूची आहे, म्हणून जास्त बोलते. ध्वनिबदलाचे नियम आपण घोटलेले असतात. शब्दारंभीचा ‘प्ल’ स्पॅनिशमध्ये बहुधा ‘य’ होतो (लिहिताना दोन एल), पोर्तुगीजमध्ये ‘श’, रोमानियनमध्ये तसाच राहतो. पाऊस: यूविया, शूवा, प्लोआये. भरलेला: येनो, शेयु, प्लिन. ‘क्ल’चंही पहिल्या दोन भाषांत तेच होतं, म्हणून किल्लीला स्पॅनिश ‘यावे’ आणि पोर्तुगीज ‘शाव्ह’. आपली ‘चावी’ याच शब्दावरून आली. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांच्या तोंडी तो उच्चार अजून ‘च’च होता. सगळं इतकं चोख बसतं की पुढच्या शब्दाचा अर्थ तपासावा असं मनातही येत नाही. पण नियम रूपापुरता असतो. येगार आणि प्लेका सख्खी भावंडं आहेत एवढं तो सांगतो. कोण कुठल्या धंद्याला लागलं, ते नाही.

अर्थ असे फाटले कसे? जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी लॅटिनमध्ये ‘आप्लिकारे’ वापरत. पोचण्याचा अर्थ तिथून निघतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिनाई आणि जेरुसलेमची यात्रा करणाऱ्या एगेरियाच्या लिखाणात नुसतं ‘प्लिकारे’सुद्धा ‘जवळ जाणे’ अशा अर्थाने येतं. रोमानियनबद्दल सांगतात की छावणी हलवताना सैनिक तंबूंची घडी घालत, म्हणून घडी घालणे म्हणजे निघणे. शिडं गुंडाळली की पोचलो, तंबू गुंडाळले की निघालो, ही जोडी वर्गात हमखास टाळ्या घेते. लक्षात ठेवायला झकास आहे. पण तंबूंची गोष्ट हा तर्क आहे, उत्तरपत्रिकेत पुरावा म्हणून ठोकून देऊ नका. जुना अर्थही मेलेला नाही: मान झुकवायला रोमानियन माणूस ‘प्लेका’च वापरतो, आणि फ्रेंच ‘प्लिए’ आजही घड्याच घालतं.

घाबरून सोडू मात्र नका. बहुतेक शब्द इमानाने साथ देतात. दगा देणारे थोडेच असतात, फक्त ते रोजच्या बोलण्यातले निघतात. ‘सालिरे’ बघा. लॅटिनमध्ये उडी मारणे, रोमानियन ‘आ सारी’ अजून उडीच मारतं, स्पॅनिश ‘सालिर’ बाहेर पडतं, इटालियन ‘सालिरे’ वर चढतं.

‘पाच भाषा एकदम’वाल्या तक्त्यांवर माझा राग आहे. त्यात जुळणारे शब्द तेवढे वेचून घेतलेले असतात. पाठांतराच्या कार्डावर सुटा शब्द लिहू नका. अख्खं रोमानियन वाक्य लिहा आणि मागे मराठी. मध्ये स्पॅनिश आणायचंच नाही. व्युत्पत्ती अर्थ पक्का झाल्यावर बघा, ‘डेक्सऑनलाइन’ या रोमानियन शब्दकोशाच्या साइटवर फुकट मिळते. आधी बघितलीत तर पुन्हा अंदाज बांधत बसाल, मी सांगते.

स्टेशनातले दोन शब्द पहिल्याच आठवड्यात करून टाका. ‘प्लेकर’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘सोसिर’ म्हणजे येणाऱ्या. ‘सोसिर’ ज्या क्रियापदावरून आला ते ग्रीकमधून आलंय, त्यामुळे तिथे तरी स्पॅनिश मध्ये तोंड घालणार नाही.