अमेरिकेत ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंग: फंडिंग हवं तर आधी प्रोजेक्ट शोधा

सिव्हिलचं बीई झालं, ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमएस किंवा पीएचडी करायचं ठरलं, की बहुतेकांची विद्यापीठांची यादी रँकिंगवरून तयार होते. पैशांचा विचार त्यानंतर सुरू होतो. या विषयात तरी हा क्रम उलटा करावा. इथल्या संशोधनाचा बराचसा पैसा सरकारी असतो आणि तो ठरावीक प्रोजेक्टच्या नावाने येतो. त्या प्रोजेक्टची माहिती जाहीर असते. कोणत्या प्राध्यापकाकडे कोणतं काम आहे, रक्कम किती आहे आणि ते कधी संपणार आहे, हे नागपुरात किंवा सांगलीत बसूनही पाहता येतं. तरीही अर्ज करणारे फार थोडे जण ते पाहतात.

आधी हा पैसा येतो कुठून ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेत पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर 18.4 सेंट केंद्रीय कर आहे आणि 1993 पासून तो वाढलेला नाही. हा कर मुख्यतः हायवे ट्रस्ट फंडात जातो. हा फंड 1956 सालचा. त्यातून राज्यांना रस्त्यांसाठी जो वाटा मिळतो, त्यातले 2 टक्के नियोजन आणि संशोधनासाठी बाजूला काढणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या 2 टक्क्यांतला किमान चौथा हिस्सा संशोधनावरच खर्च करावा लागतो. म्हणजे रस्त्यांच्या 100 डॉलरमागे निदान 50 सेंट संशोधनाचे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 50 राज्यांत दरवर्षी हे चालतं. प्रत्येक राज्याचं परिवहन खातं, म्हणजे डीओटी, हे काम बहुधा आपल्याच राज्यातल्या विद्यापीठांना देतं.

डीओटीला काय हवं असतं? डांबरात जुन्या रस्त्याचं खरवडलेलं साहित्य किती मिसळता येईल, वळणावरचे अपघात कशाने कमी होतील, पुलाच्या डेकला भेगा का जातात, सिग्नलचं टायमिंग कसं बदलावं. त्यामुळे पेव्हमेंट (रस्त्याचे थर आणि पृष्ठभाग), मटेरियल्स आणि रोड सेफ्टी या शाखांत आरएशिप, म्हणजे प्रोजेक्टवर काम करण्याच्या पगारी रिसर्च असिस्टंटशिप, तुलनेने सातत्याने निघतात. स्वयंचलित गाड्या आणि मशीन लर्निंग या विषयांकडे अर्जदारांची गर्दी असते आणि तिथला पैसा धोरण बदलेल तसा हलतो. आवड नसताना पेव्हमेंट घ्या असं कुणीच सांगणार नाही. पण दोन्ही आवडत असतील, तर हा फरक अर्ज भरण्याआधी माहीत असलेला बरा.

काही विद्यापीठांचं राज्याच्या खात्याशी फार जुनं नातं आहे. पर्ड्यू आणि इंडियाना डीओटी यांचा संयुक्त संशोधन कार्यक्रम 1937 पासून चालू आहे. टेक्सास ए अँड एमची ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूट 1950 ची. ऑबर्नच्या डांबर-तंत्रज्ञान केंद्राकडे 1.7 मैलांचा स्वतःचा चाचणी ट्रॅक आहे. आयोवा स्टेट, व्हर्जिनिया टेक, मिनेसोटा, इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन इथेही अशी मोठी केंद्रं आहेत. या संस्थांबद्दल एक गोष्ट हमखास निसटते. तिथे शिकवणारे प्राध्यापक असतात, तसेच पूर्णवेळ रिसर्च सायंटिस्ट आणि रिसर्च इंजिनिअरही असतात. प्रोजेक्ट त्यांच्याही नावावर असतात आणि विद्यार्थी त्यांनाही लागतात. सगळे ईमेल प्राध्यापकांकडे जातात. या मंडळींना कुणी लिहीतच नाही. त्यांना जरूर लिहा.

दुसरा मोठा झरा म्हणजे युनिव्हर्सिटी ट्रान्सपोर्टेशन सेंटर, ज्याला सगळे यूटीसी म्हणतात. 1987 च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना केंद्रीय परिवहन खातं चालवतं. केंद्रं तीन प्रकारची: राष्ट्रीय, प्रादेशिक आणि टिअर-1. केंद्राला वर्षाला साधारण 20 ते 40 लाख डॉलर मिळतात, पण ते एका विद्यापीठाचे नसतात. पाच-सात विद्यापीठांचा गट मिळून एक केंद्र चालवतो. म्हणून फक्त मुख्य विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका. गटातल्या लहान विद्यापीठातही त्याच केंद्राचा प्रोजेक्ट असतो आणि तिथे स्पर्धा कमी असते. शिवाय केंद्रीय अनुदानाच्या जोडीला विद्यापीठाला बाहेरून रक्कम उभी करावी लागते: राष्ट्रीय आणि प्रादेशिक केंद्रांना तेवढीच, टिअर-1 ला निम्मी. कित्येक ठिकाणी विद्यार्थ्याची माफ केलेली ट्यूशन या जोड-रकमेत धरली जाते. प्राध्यापकाला विद्यार्थी घेणं परवडतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

हा पैसा कायम टिकेल असं मात्र धरून चालू नका. मे 2025 मध्ये केंद्रीय परिवहन खात्याने सात विद्यापीठांची यूटीसी अनुदानं मध्येच थांबवली, एकूण सुमारे 5.4 कोटी डॉलरची. शिवाय ही रक्कम ज्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातून येते, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2026 पर्यंतच आहे. त्यामुळे यूटीसीवर अवलंबून असलेल्या प्राध्यापकाला एक प्रश्न सरळ विचारावा: हे अनुदान संपलं तर माझ्या नेमणुकीचा दुसरा आधार कोणता? चांगला मार्गदर्शक या प्रश्नाने नाराज होत नाही. त्याच्याकडे बहुधा डीओटीचं एखादं काम किंवा नॅशनल सायन्स फाउंडेशनचं अनुदान असतं आणि तो तसं सांगतो.

आता शोधायचं कसं. ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्ड, म्हणजे टीआरबी, ‘रिसर्च इन प्रोग्रेस’ नावाचा मोफत डेटाबेस चालवतं. त्यात आपला विषय टाका, स्टेटसमध्ये फक्त चालू प्रोजेक्ट निवडा आणि सुरुवातीच्या तारखेनुसार लावून घ्या. प्रत्येक नोंदीत प्रमुख संशोधक, काम करणारी संस्था, पैसे देणारी संस्था आणि तारखा असतात. पुष्कळदा रक्कमही असते. एक साधी तक्ताशीट करून हे रकाने भरत जा. आता तारखा नीट वाचा. तुम्ही पुढच्या ऑगस्टमध्ये पोचणार असाल आणि प्रोजेक्ट त्या डिसेंबरात संपत असेल, तर ती जागा तुमची नाही, ती आधीच्या विद्यार्थ्याची आहे. नुकताच सुरू झालेला, दोन-तीन वर्षांचा आणि माणसं अजून भरायची असलेला प्रोजेक्ट तुमच्या कामाचा. नॅशनल सायन्स फाउंडेशनची अनुदानंही अशीच शोधता येतात. त्यांच्या अवॉर्ड सर्चमध्ये सारांश आणि रक्कम दोन्ही दिसतात. मग राज्य डीओटीच्या संशोधन विभागाचं पान उघडा. पुढच्या वर्षी कोणत्या प्रश्नांवर काम द्यायचं आहे, याची यादी अनेक राज्यं आधीच जाहीर करतात.

राज्यांचं आर्थिक वर्षही ध्यानात ठेवा. बहुतेक राज्यांत ते 1 जुलैला सुरू होतं, टेक्सासात 1 सप्टेंबरला, मिशिगन आणि अलाबामात 1 ऑक्टोबरला, न्यूयॉर्कात 1 एप्रिलला. करार त्याच सुमारास सुटतात. एप्रिलमध्ये ‘सध्या पैसे नाहीत’ असं खरेपणाने सांगणाऱ्या प्राध्यापकाकडे सप्टेंबरात जागा निघते ती अशी. तेव्हा नकार आला तरी आभार मानून, ‘नवीन काम आलं तर कळवाल का’ एवढं विचारून ठेवा आणि करार सुटण्याच्या सुमारास एकदा आठवण करा.

ईमेल 150 ते 200 शब्दांचा असावा. विषयाच्या ओळीत प्रोजेक्टचं नाव आणि तुमचं सत्र. पहिल्या दोन वाक्यांत त्या प्रोजेक्टमधल्या कोणत्या भागावर तुम्ही काम करू शकाल आणि कशाच्या बळावर. ‘मला ट्रान्सपोर्टेशनची खूप आवड आहे’ हे वाक्य काढून टाका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: मार्शल मिक्स डिझाइनच्या चाचण्या स्वतःच्या हाताने केल्या आहेत, किंवा चौकातली व्हिडिओ मोजणी करून व्हिसिम या वाहतूक-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल कॅलिब्रेट केलं आहे, किंवा आर अथवा पायथनमध्ये अपघातांच्या आकड्यांवर निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल बसवलं आहे. केलं नसेल तर लिहू नका. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर ते उघडं पडतं. सीव्ही दोन पानांचा, पीडीएफमध्ये. एकाच विभागातल्या चार प्राध्यापकांना तोच मजकूर पाठवू नका, ते एकाच मजल्यावर बसतात आणि आपसांत बोलतात. पीएचडीच्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, म्हणून ईमेल सप्टेंबर-ऑक्टोबरात जायला हवेत.

टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याची टीचिंग असिस्टंटशिप, मिळण्याचा रस्ता वेगळा. ती नेमणूक विभाग करतो आणि बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी टोफेल किंवा आयईएलटीएसच्या बोलण्याच्या भागात वेगळी, जास्त गुणांची अट असते. एकूण गुण चांगले आणि बोलण्याचे कमी, म्हणून टीए हुकते. परीक्षा द्यायच्या आधीच ही अट पाहून ठेवा.

फंडिंगच्या ऑफरचं पत्र हातात आलं की आकडा पाहून हुरळून जाऊ नका, चार गोष्टी तपासा. नेमणूक किती टक्के आहे: 50 टक्के म्हणजे आठवड्याला 20 तास, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना तेवढीच मर्यादा आहे. ट्यूशन पूर्ण माफ आहे की फक्त परराज्याचा जादा दर माफ आहे. आरोग्य विमा कोण भरणार. आणि नऊ महिन्यांचा करार आहे की बारा महिन्यांचा, कारण नऊचा असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने घरभाडं आपल्या खिशातून जातं. ट्यूशन माफ असली तरी वेगवेगळ्या नावांच्या अनिवार्य फी बहुधा माफ नसतात, आणि दर सत्राला त्या बऱ्यापैकी रकमेच्या होतात. विद्यापीठाच्या बर्सर ऑफिसच्या, म्हणजे फी घेणाऱ्या कार्यालयाच्या, पानावर त्यांचा तक्ता असतो. ‘ग्रेडर’ किंवा ‘अवरली’ असं लिहिलेली नोकरी म्हणजे असिस्टंटशिप नव्हे. तासाचे पैसे मिळतात, पण ट्यूशन सहसा माफ होत नाही. फंडिंगच्या ऑफरवर निर्णय द्यायला 15 एप्रिलपर्यंत वेळ देण्याचं बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी आपसांत मान्य केलं आहे, तेव्हा फेब्रुवारीत कुणी घाई केली तर या तारखेची नम्र आठवण करून द्यावी.

एमएसला पहिल्या दिवसापासून पूर्ण फंडिंग मिळणं अवघडच असतं. प्राध्यापक चार-पाच वर्षं राहणाऱ्या पीएचडीवाल्याला आधी घेतो, आणि त्यात त्याची चूक नाही. एमएससाठी थेसिसचा पर्याय निवडा. नुसत्या कोर्सवर्कच्या पदवीत आरए मिळण्याची शक्यता फार कमी. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत आणखी एक सोय आहे: नियमांत बसणारी, किमान 1000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर परराज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्यालाही स्थानिक दराने ट्यूशन लागू शकते. अशी छोटी शिष्यवृत्ती दिसायला लहान असते, पण तिच्यामुळे वाचणारी रक्कम तिच्या कितीतरी पट असते. ‘पुढच्या सत्रात बघू’ या तोंडी आश्वासनावर मात्र कर्ज काढू नका. बजेट मांडताना ते शून्य धरा.

बाहेरच्या फेलोशिपमध्ये नागरिकत्वाची ओळ सगळ्यात आधी वाचा. नॅशनल सायन्स फाउंडेशनची प्रसिद्ध ग्रॅज्युएट फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. परिवहन क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूटीएसच्या स्थानिक शाखा विद्यार्थिनींना शिष्यवृत्त्या देतात आणि ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सच्या आयटीई या संस्थेच्या विभागीय शाखाही देतात. तिथे शाखेच्या बैठकांना येणारा विद्यार्थी ओळखीचा झालेला असतो, म्हणून पहिल्याच सत्रात सदस्य व्हा. भारतातून निघताना जे. एन. टाटा एंडोमेंटकडे अर्ज करता येतो. ही 1892 पासूनची योजना आहे, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परतफेड करावी लागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट दर वर्षाच्या जाहिरातीत असते; उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा, कारण अर्जाची खिडकी थोडेच दिवस उघडी असते.

शेवटी कर. स्टायपेंडवर कर लागतो, पण एफ-1 वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची 7.65 टक्के कपात होत नाही. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर ती झालेली दिसली तर लगेच पेरोल ऑफिसला सांगा. विवरणपत्र अनिवासींसाठीचं 1040-एनआर आणि सोबत फॉर्म 8843. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम 21 नुसार भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. पुष्कळ जण रहिवाशांसाठी असलेल्या सॉफ्टवेअरमधून चुकीचा फॉर्म भरतात आणि नंतर दुरुस्ती करत बसतात. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय फेब्रुवारी-मार्चमध्ये योग्य सॉफ्टवेअरचा कोड बहुधा मोफत देतं, तो मागून घ्या.