अनोळखी वाय-फाय संकेताचा माग

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या इमारतीत माझे वाय-फाय संध्याकाळी वारंवार अडखळू लागले, तेव्हा मोबाइलमधील वाय-फाय विश्लेषक ॲपवर माझ्याच ६ क्रमांकाच्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्यातला एक ठरावीक भाग) एक निनावी नेटवर्क उणे ५२ डीबीएम (संकेताची ताकद मोजण्याचे एकक) इतके प्रबळ दिसले. हा उणे आकडा जितका शून्याजवळ, तितका संकेत जोरदार. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संकेत साधारण ६ डेसिबलने घटतो, म्हणून प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ उभे राहून मी नोंदी घेतल्या आणि आकडा सुधारत गेला तसा वर चढत राहिलो. एकाच मोजणीवर विसंबू नये. भिंती आणि लोखंडी दारांवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे वीतभर सरकले तरी आकडा बदलतो, त्यामुळे मी दर ठिकाणी ५ नोंदींची सरासरी धरली.

गच्चीवर मात्र सगळीकडे आकडे सारखेच येत होते. तिथे फोन छातीशी धरून मी सावकाश गोल फिरलो, कारण शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते आणि उगम पाठीमागे आला की आकडा स्पष्टपणे खाली येतो. तो सर्वांत खाली गेला तेव्हा माझी पाठ लिफ्टच्या यंत्रखोलीकडे होती. आत सीसीटीव्हीसाठी बसवलेला जुना राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर चालू होता, म्हणजे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्याचा जवळपास निम्मा भाग त्याने व्यापला होता. सोसायटीच्या सचिवांच्या संमतीने त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणली आणि चॅनेल ११ केले, म्हणजे तो माझ्या ६ क्रमांकाच्या चॅनेलमध्ये येणार नाही. त्या संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन तास एकदाही तुटला नाही.