टँकचा खेळ प्रदर्शनात मांडताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात आणि आसपास कुठं हॉबी प्रदर्शन असलं की मी छोट्या टँकच्या लढाईचं टेबल लावतो, १/७२ स्केलचे टँक, म्हणजे सेंच्युरियनची (१९६५ च्या लढाईतला आपला टँक) बॉडी साधारण दहा-साडेदहा सेंटिमीटर, पोरांच्या हातात मावेल एवढी. हा खेळ आपल्याकडं फार कमी लोकांनी बघितलाय, त्यामुळं टेबलाजवळ येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस नवा असतो आणि त्याचा पहिला अनुभव पूर्णपणे आपल्या हातात असतो. म्हणून ज्या चुका मी केल्या आणि दुसऱ्यांच्या टेबलांवरही बघितल्या त्या लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी नियम सांगत बसणं. पोरगं आईचा हात सोडून टेबलापाशी येतं, डोळे टँकवर, आणि आपण सुरू करतो की बघ बाळा आधी चाल मग नेम मग रेंज मग पत्र्याची जाडी, तोवर आई म्हणते चल रे, आणि गेलं पोरगं. आता मी उलटं करतो. आल्या आल्या हातात फासा देतो, समोरचा पॅटन, म्हणजे पाकिस्तानचा टँक, दाखवतो, म्हणतो चार किंवा वर पडलं की लागला, टाक. दोन मिनिटांच्या आत पहिला गोळा सुटलाच पाहिजे, बाकीचे नियम ज्या वेळी लागतील त्या वेळी सांगायचे.

दुसरी चूक आकड्यांची आहे, आणि ती चटकन लक्षात येत नाही. माझ्या जुन्या नियमात लागायला ५ किंवा ६ हवे होते आणि लागल्यावर पत्रा फुटायला पुन्हा ५ किंवा ६. ऐकायला ठीक वाटतं, पण हिशोब करा, तीनात एक गुणिले तीनात एक, म्हणजे सरासरी नऊ गोळ्यांमागं एक टँक जाणार. घरी मित्रांबरोबर तीन तास खेळताना हे चालतं, प्रदर्शनात पोरगं चार वेळा फासा टाकून चारही फुकट गेले की कंटाळतं. आता लागायला ४+ (म्हणजे चार किंवा वर), समोरून पत्रा फुटायला ५+ आणि बाजूनं ३+. म्हणजे समोरून सहा गोळ्यांमागं एक टँक जातो आणि बाजूनं तीन गोळ्यांमागं एक. यातली खरी गंमत अशी की समोरचा पत्रा जाड आणि बाजूचा पातळ एवढंच सांगितलं की तिसऱ्या चालीत पोरं आपणहून टँक फिरवून बाजूला न्यायला लागतात, त्यांना कुणी डावपेच शिकवावे लागत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत निकाल लागतो आणि पुढचा गट बसवता येतो.

तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडची. १९६५ ची लढाई मांडली की पाकिस्तानच्या बाजूनं खेळायला एकही पोरगं तयार होत नाही. सातारा जिल्हा आहे, मिलिटरी अपशिंगेसारखं गाव इथं आहे, १९६१ पासूनचं सैनिक स्कूल इथं आहे, घराघरात कुणीतरी फौजेत असतंच. सुरुवातीला मी पोरांना समजवायचो की अरे खेळ आहे, कुणीतरी ती बाजू घ्यायलाच पाहिजे, आणि एकदा एक पोरगं त्यावरून रडलं. ती माझी चूक होती, जबरदस्ती करायलाच नको होती. आता येणारे सगळे भारताच्या बाजूला, पॅटन मी चालवतो, आणि तेही साध्या नियमानं, जो टँक सगळ्यात जवळ दिसेल त्याच्याकडं सरळ जायचं आणि गोळा टाकायचा. चार अनोळखी पोरं एका बाजूला आली की आपापसात बोलायला लागतात, तू उसात थांब मी बाजूनं येतो, हे ऐकायला फार छान वाटतं.

हो, ऊस. मी असल उत्तर मांडतो, पंजाबातल्या खेमकरणजवळची ८ ते १० सप्टेंबर १९६५ ची लढाई. आपले सेंच्युरियन आणि शर्मन उसाच्या शेतात दबा धरून होते आणि शेतात पाणी सोडून चिखल केल्यामुळं पॅटन अडकत होते. शर्मन डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे होते. ऊस आणि चिखल आपल्या पोरांना समजवावा लागत नाही! खराट्याच्या काड्या बारीक तोडून, हिरवा रंग देऊन पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवल्या की ऊस तयार. उसातून बाहेर येईपर्यंत टँक दिसत नाही, चिखलात शिरलं तर निम्मी चाल, एवढेच नियम. या लढाईत पॅटन फोडणारे फोर्थ ग्रेनेडियर्स पलटणीचे अब्दुल हमीद आणि त्यांच्या जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस (टँक फोडायची हलकी) तोफ टेबलावर असतेच, पण खेळ थांबवून त्यावर भाषण देऊ नका. जीप हातात घेतली की पोरगं स्वतः विचारतं ही कुणाची, तेव्हा दोन वाक्यात सांगा, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं हेही सांगा, आणि मग पुढची चाल.

माजी सैनिक आले की नियमांवरून वाद घालणं ही पण चूकच. एक काका बराच वेळ मागं हात बांधून उभे होते, मग म्हणाले हा टँक असा उघड्यावर का उभा केलाय, बांधामागं घ्या, फक्त टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, वर दिसू द्या. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर बांध आहेत आणि बांधामागच्या टँकला लागायला ५+ पडावे लागतात. अशा माणसाला खुर्ची द्या, चहा द्या.

सामानाचं थोडक्यात सांगतो. मंडपवाल्याच्या टेबलावरचं सॅटिनचं कापड आधी काढून टाका, ते सरकतं, एका पोराच्या कोपरानं माझी टँकची अख्खी एक फळी जमिनीवर गेली होती आणि तोफांच्या तीन नळ्या तुटल्या होत्या. मैदान चार बाय तीन फुटांचंच ठेवा, मोठ्या टेबलावर आठ वर्षांच्या पोराचा हात मधे पोचत नाही, ते टेबलावर पोट टेकवून पुढं येतं आणि सगळं आडवं होतं. फासे मोठे घ्या आणि खोक्याच्या झाकणात टाकायला लावा. मोजपट्टीऐवजी रंगवलेल्या काठ्या, लाल म्हणजे चाल, पिवळी म्हणजे गोळ्याची रेंज. जळत्या टँकवर ठेवायचा काळा कापूस पंख्यानं उडतो, तो वायसरवर फेविक्विकनं चिकटवून ठेवा, मग हलत नाही.

आणि एकट्यानं टेबल लावू नका. खेळवणारा एक आणि मागं उभ्या असलेल्या पालकांशी बोलणारा एक, निदान एवढे दोघं पाहिजेतच, नाहीतर मधेच एखादं पोरगं उठून गेलं की खेळ अडतो. दुसरा माणूस त्याचा टँक लगेच मागं उभ्या असलेल्या पोराच्या हातात देतो, परत सुरुवात करायची गरज नाही.

जाताना पोरं हमखास विचारतात, काका हे कुठं मिळतं, आणि आईबाप किंमत ऐकून गप्प होतात. तिथं महागड्या किटची नावं सांगत बसू नका. मी एक चिठ्ठी देतो, एका बाजूला पाच ओळींचे नियम, दुसऱ्या बाजूला काडीपेटीचा टँक, खाली एक पेटी, वर अर्धी कापलेली पेटी आणि पुढं संपलेल्या रिफिलचा तुकडा. मागच्या खेपेला एक मुलगी दुसऱ्या दिवशी तसे सहा टँक बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आली, हिरवे रंगवलेले, ते आम्ही सरळ मैदानात उतरवले.