गुडघे जोडून ठेवा: पॅराच्या तयारीला लागलेल्या पोरांसाठी

सकाळी साडेपाचला आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर पोरं जमतात, फौजेत आणि जमलं तर पॅरात, म्हणजे विमानातनं पॅराशूटनं (आम्ही त्याला छत्री म्हणतो) उतरणाऱ्या पलटणीत जायच्या तयारीला. सातारा जिल्ह्यात असं मैदान गावोगाव दिसेल. नवा आलेला पोरगा दोन-तीन दिवसांनी धीर करून विचारतोच, "मेजर, विमानातनं उडी मारताना भीती वाटती का?" मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, पण आमच्याकडं फौजीला मेजरच म्हणतात.

वाटते. पहिल्या उडीला सगळ्यांनाच वाटते, आणि तरी दारापर्यंत पोचलेले उडी मारतात. पोरं अडकतात ती त्याच्या कितीतरी आधी. कुणाची नडगी धरते, कुणाचा टाचेचा फोड चिघळतो, कुणाचा घोटा मुरगळतो. म्हणून पॅराची तयारी मी पायांपासून सुरू करतो.

आधी वाट समजून घ्या, कारण पैसे इथंच बुडतात. गावातल्या पोराला थेट पॅरा कमांडो करणारी वेगळी भरती नसते. शिपाई व्हायचं तर अग्निवीर भरती: ऑनलाइन लेखी परीक्षा, मग ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी, मग मेडिकल. त्यातून निवड झाली तर बंगळूरच्या पॅराशूट रेजिमेंट ट्रेनिंग सेंटरला जाता येतं, किंवा दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेल्यावर तिथून स्वतःहून नाव देता येतं. अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए नाहीतर सीडीएस, या अधिकारी भरतीच्या परीक्षा. त्यानंतर प्रोबेशन म्हणजे पारखायचा काळ, पॅरासाठी साधारण ३ महिने आणि स्पेशल फोर्सेससाठी, म्हणजे पॅरा कमांडोंसाठी, ६ महिने. "थेट कमांडोत घालतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका घरानं म्हैस विकून पैसे दिले होते. पोरगा घरीच राहिला.

ग्राउंडला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण, बीम, म्हणजे आडव्या दांडीला लटकून हनुवटी वर नेणं, १० मारले तर ४०. ९ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणं आणि वेड्यावाकड्या अरुंद बीमवरून तोल सांभाळत चालणं यांत नुसतं पास व्हायचं असतं. मेडिकलची एक गोष्ट आजच घरी बघा. पाय ओला करून शहाबादी फरशीवर उभे राहा आणि बाजूला व्हा. तळव्याची आतली कड कोरडी राहून कमान उमटली तर ठीक. सगळा तळवा उमटला तर सपाट पायाची शंका आहे. वर्षभर घाम गाळण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आता पळणं. पोरं पहिल्याच आठवड्यात रोज डांबरी सडकेवर आठ-आठ किलोमीटर पळतात आणि महिन्यानं नडगी धरून बसतात. मी पहिला महिना मातीच्या गाडीवाटेवर पळवतो, आठवड्यातून चारच दिवस, आणि पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे अशा चालीनं. पाचव्या दिवशी चढ: सावकाश वर चढायचं आणि उतरताना पळायचं नाही, चालायचं. उतारावर पळून गुडघे गेलेली पोरं मी पाहिली आहेत. नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच जागी कळ येत असेल तर ते अंग दुखणं नव्हे. थांबा आणि दवाखाना गाठा. दोन आठवडे गेले तर जाऊ देत, हाडाला चीर गेली तर वर्ष जातं.

पाठीवरचं वजन तिसऱ्या महिन्यानंतर. पिशवीत दगड घालू नका, पाठीला टोचतात आणि पोरगा वाकडा चालायला लागतो. गहू भरा. किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून ५ किलो, घट्ट बांधून पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, वरच्या अंगाला, पाठीला चिकटून. दर तीन आठवड्यांनी २ किलो वाढवा. १५ च्या वर गावात जायची गरज नाही, पुढचं पलटणीतले उस्ताद बघतील. वजन घेऊन पळायचं नाही, झपझप चालायचं. नखं सरळ कापा, आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घाला. फोड आला तर कातडी ओढू नका. साबणानं धुवा, कोरडा करा, पट्टी लावा. घरी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडी, शेंगदाणे-गूळ आहे तोवर पावडरीच्या डब्यावर पैसे घालवायचं कारण नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. छत्री उघडल्यावरही माणूस सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगानं खाली येतो. तेवढा दणका पायांवर घेतला तर पाय मोडणार. म्हणून तो अंगभर वाटायचा असतो: आधी चवडे, मग पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग खांद्यामागची पाठ. दोन्ही पाय चिकटलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, कोपरं आत. जमिनीला लागलं की अंग बाजूला वळून लोळण घेतं.

शाळेचा ओटा दोन फुटांचा आहे, खाली आम्ही नदीची वाळू टाकली आहे. पोराच्या दोन गुडघ्यांत रुमाल देतो आणि उडी मारायला सांगतो. लोळण संपेपर्यंत रुमाल गुडघ्यांतच राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी कुणाचाच राहत नाही, कारण खाली जाताना पाय आपसूक फाकतात आणि एक पाय आधी जमीन शोधायला जातो. तीच खोड मोडायचीय. रोज २० उड्या: ५ उजवीकडं, ५ डावीकडं, ५ पुढं, ५ मागं. चौथ्या आठवड्यात रुमाल राहायला लागतो. मग नजर समोरच्या चिंचेच्या शेंड्यावर ठेवून उडी मारायला लावतो, खाली बघायची बंदी. घराच्या गच्चीवरनं, टाकीवरनं उडी मारू नका. दोन फुटांवर न जमलेलं दहा फुटांवर जमत नाही, हाडं मात्र मोडतात.

हे मी स्वतःच्या पायानं शिकलोय. तिसऱ्या उडीला शेवटच्या क्षणी मी खाली बघितलं, जमीन अंगावर आली, उजवा पाय पुढं गेला आणि घोटा सुजून खरबुजाएवढा झाला. माझी बॅच पुढं गेली, मी मागच्या बॅचबरोबर पुन्हा उभा राहिलो. रात्रीच्या उडीला खाली काहीच दिसत नव्हतं, तेव्हा शोधायलाही काही नव्हतं. पाय जोडून गुपचूप वाट बघितली, आणि माझी सगळ्यांत चांगली लोळण ती रात्रीची.

पोहणं शिकाच. विहिरीत शिकणार असाल तर कमरेला डबा नाहीतर भोपळा बांधून, वर दोर धरणारा जाणता माणूस ठेवून. का, ते सांगतो. बांगलादेशच्या लढाईत ११ डिसेंबर १९७१ ला लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नूंच्या हाताखाली २ पॅरा ही पलटण तिथल्या टांगाइलला छत्रीनं उतरली. ही मराठ्यांची पलटण, मूळची मराठा लाइट इन्फंट्रीतली. त्यांनी पुंगलीचा पूल धरला आणि मैमनसिंगकडून ढाक्याला माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडली. आमच्या भावकीतले एक आजोबा त्यात होते. ते सांगायचे, "खाली तळीच तळी, भातखाचरं. कुणाचं सामान पाण्यात, कुणी स्वतः पाण्यात. गावातली माणसं ओझी उचलायला धावत आली." कृष्णाकाठच्या पोराला पोहता येत नाही हे त्यांना ऐकवत नसे.

प्रोबेशनबद्दल थोडंच लिहितो. तिथं झोप, जेवण आणि वेळ यांचा भरवसा नसतो, आणि घरी जायची मुभा रोज असते. ताकदवान पोरं तिथं स्वतःहून हात वर करतात. उपाशी राहून किंवा रात्र रात्र जागून घरी त्याची रंगीत तालीम करू नका, नुसतं अंग खराब होतं. त्याऐवजी ठरवलेलं काम रोज करा, पावसात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या दिवशीही.

पुढं आग्र्याला हवाई दलाची पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल. आधी जमिनीवर हीच लोळण, विमानाच्या सांगाड्यातून बाहेर पडणं, हार्नेस म्हणजे छत्रीचे अंगावरचे पट्टे बांधणं आणि एकमेकांचे तपासणं. मग ५ उड्या, त्यातली १ रात्रीची, साधारण १२५० फुटांवरून, आग्र्याजवळच्या मालपुऱ्याच्या मैदानावर. एएन-३२ विमानात बसल्यावर कानठळ्या बसतात, बोललेलं ऐकू येत नाही, सगळं खुणांवर. छत्री उघडणाऱ्या पट्ट्याचा हूक विमानातल्या वरच्या तारेत अडकवायचा, स्वतः ओढून बघायचा. लाल दिवा, मग हिरवा. दारात रेंगाळायचं नाही, कारण तुम्ही एक सेकंद घेतलात तर मागचा तेवढा लांब पडतो. बाहेर पडलं की हवेचा तडाखा, मनातल्या मनात मोजणी, मग वर बघायचं. छत्री गोल आणि पूर्ण भरलेली दिसली पाहिजे, नसेल तर छातीवरची राखीव. आजूबाजूला कुणी जवळ येतोय का बघायचं, रायझर, म्हणजे खांद्यावरून छत्रीच्या दोऱ्यांकडं जाणारे पट्टे, ओढून लांब व्हायचं, वारा जिकडून येतो तिकडं तोंड करायचं. हे सगळं मिनिट-सव्वा मिनिटात. शेवटचे शंभर फूट काही करायचं नाही, पाय जोडायचे आणि समोर बघायचं.

खाली आलात की लगेच उठा. वारा असला तर फुगलेली छत्री माणसाला शेतातून फरफटत नेते. पळत तिला वळसा घालून वारा जिकडं जातो त्या बाजूला जा म्हणजे ती मिटते. मग दोऱ्या गोळा करायच्या, पिशवीत भरायची, खांद्यावर टाकायची आणि जमायच्या जागेकडं निघायचं. आमचे उस्ताद तिथं उभे असायचे. शाबासकी द्यायच्या आधी ते बुटांकडं बघायचे. दोन्ही बुटांच्या आतल्या कडांना सारखाच घासलेला डाग असला, तरच मान हलवायचे.