लहान मुलांना परिसरातून शिकू कसे द्यावे

दोन-तीन वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी वेगळी साधने विकत आणण्याआधी पालकांनी एक सवय लावून घ्यावी: मूल ज्या वस्तूकडे पाहत आहे, तिच्याविषयीच त्याच्याशी बोलावे. त्याचे लक्ष आपल्याला हव्या त्या गोष्टीकडे ओढून सांगितलेला शब्द बहुधा वाऱ्यावर जातो. ते आधीच जिकडे टक लावून असते, तिथला शब्द मात्र लवकर रुजतो.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मुलाला न्यायचे असेल, तर सकाळी लवकर, गर्दी वाढण्यापूर्वी न्यावे आणि त्या दिवशी भाजी थोडीच घ्यावी. एखाद्या गाळ्यावर अजून तराजू असेल आणि मूल तिथे थबकले, तर त्याचा हात ओढू नये. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात वांगी. आणखी एक वांगे पडताच पारडे खाली जाते, हे ते डोळ्यांनी टिपत असते. “खाली गेलं!” एवढेच म्हणावे आणि थांबावे. हे थांबणेच पालकांना सर्वांत जड जाते, असे मला वाटते. ऐकलेले समजून घेऊन शब्द जुळवायला लहान मुलाला आपल्यापेक्षा पुष्कळ वेळ लागतो, आणि आपण घाईने पुढचा प्रश्न विचारला की त्याच्या ओठांवर आलेले उत्तर तिथेच विरते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोदक यांनी १९४५ साली बोर्डी या गावी बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. आपल्या स्वयंपाकघरातही कांदे-बटाटे वेगळे करणे, कोथिंबीर निवडणे, कणकेचा गोळा थापणे ही कामे मुलाला देता येतात. त्यातूनच पुढे पेन्सिल धरणारी बोटे तयार होतात. मटार सोलायला दिल्यास शेंग अंगठ्याने दाबून उघडायला त्याला कितीही वेळ लागो, ती आपण उघडून देऊ नये. परंतु दाणे घशात अडकू शकतात, म्हणून समोरून उठूही नये.

घरात आजी-आजोबा मराठी आणि शेजारी हिंदी बोलत असतील, तर काळजीचे कारण नाही; मुले दोन्ही भाषा सहज उचलतात. मोबाइलबाबत मात्र जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस पाळावी: दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक देऊ नये. मूल जेवत नाही म्हणून मोबाइल लावण्याऐवजी त्याला गॅलरीत बसवून, खालून जाणारी पीएमपीची (पुण्याच्या शहर बससेवेची) बस दाखवत भरवावे, आणि ते बसविषयी काही विचारू लागले तर घास थोडा वेळ हातातच राहू द्यावा.